वजन-नियंत्रण आणि स्मार्टफोन : दीर्घ पल्ल्याच्या साधनाची आखणी



इटलीतील पादुआ नगरीत सतराव्या शतकाच्या प्रारंभी सांतोरियो सांतोरियो नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने एका मोठ्या तराजूच्या दांडीला खुर्ची टांगून घेतली होती. या खुर्चीत बसून तो जेवी आणि जेवणापूर्वीचे, जेवणानंतरचे व मलमूत्रविसर्जनानंतरचे आपले वजन टिपून ठेवी. हा उद्योग त्याने सुमारे तीस वर्षे चालविला आणि १६१४ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वजन कमी करावे असा त्याचा हेतू मुळीच नव्हता. पोटात गेलेले अन्न आणि शरीराबाहेर पडलेले मल यांच्या वजनांत जी तफावत पडते, ती जाते तरी कोठे, एवढेच त्याला शोधून काढायचे होते.

सांतोरियोला ज्यासाठी खुर्ची, तराजू आणि वह्यांचा ढीग लागला, ते काम आज खिशात मावणारे एक यंत्र करू शकते. २००७ साली आयफोन बाजारात आला. २००८ साली त्याच्यासाठी ॲप्स विकत घेण्याची सोय झाली. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आहाराची नोंद ठेवणारी, पावले मोजणारी व वजनाचा आलेख काढणारी असंख्य ॲप्स निर्माण झाली. साधनांची उणीव आता उरलेली नाही. परंतु सांतोरियोपाशी असलेली एक गोष्ट या साधनांबरोबर आपोआप येत नाही. ती म्हणजे तीस वर्षे नोंद ठेवीत राहण्याचे कारण. वजन-नियंत्रणाच्या ॲपची आखणी करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न हाच आहे. पहिल्या महिन्यात माणसाकडून काय करवून घ्यावे, हे ठरविणे सोपे असते. पाचव्या वर्षी त्याला कोणती सोबत द्यावी, हे ठरविणे कठीण.

या प्रश्नाचा विचार हवेत होऊ नये म्हणून एका व्यक्तीची कल्पना करावी. देशातील एखाद्या मध्यम आकाराच्या गावी एक शिक्षिका आहे. वय पंचेचाळीस. रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचली आहे, असे डॉक्टरांनी तिला सांगितले. तिने फोनवर एक ॲप उतरवून घेतले, मनापासून नोंदी ठेवल्या आणि सहा महिन्यांत आठ किलो वजन कमी केले. ॲपने तिचे अभिनंदन केले. पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उधळले गेले. त्यानंतर घरात एक लग्न झाले, मागोमाग दिवाळी आली, शाळेत परीक्षांचे दिवस आले. वजन तीन किलोंनी परत वाढले. ॲप रोज सायंकाळी आठवण करून देत राहिले, आणि ती आठवण तिला टोचू लागली. एके दिवशी तिने ते काढून टाकले. या कहाणीत दोष कोणाचा? शिक्षिकेचा, तिच्या शरीराचा की ॲपची आखणी करणाऱ्याचा?

जुन्या समजुतीप्रमाणे दोष तिच्या मनोनिग्रहाचा ठरेल. या समजुतीला पहिला मोठा धक्का १९५९ साली बसला. अमेरिकेतील अल्बर्ट स्टंकार्ड या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या एका सहकारी स्त्रीसमवेत न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या आहार-चिकित्सालयात आलेल्या शंभर लागोपाठच्या स्थूल रुग्णांचा मागोवा घेतला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना आहाराचा तक्ता देण्यात आला होता. शंभरांपैकी केवळ १२ जणांचे वजन ९ किलो किंवा त्याहून अधिक उतरले. आणि दोन वर्षांनंतर ते उतरलेले वजन टिकवून धरणारे फक्त २ निघाले. शंभर माणसांपैकी अठ्ठ्याण्णवांचा मनोनिग्रह एकाच वेळी ढासळला, असे मानण्यापेक्षा उपचारातच काही उणे आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक होते.

उणे काय होते, त्याचा उलगडा पुढे शरीरशास्त्राने केला. वस्तुतः त्याच्या खुणा १९४४–४५ सालच्या मिनेसोटा येथील प्रयोगातच दिसून आल्या होत्या. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेण्यासाठी अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. त्याबरोबर शरीराचा ऊर्जाव्ययही मंदावला, आणि मनात अन्नाखेरीज दुसरा विचार उरला नाही. पुन्हा पोटभर खाण्याची मुभा मिळाल्यावरही त्यांची भूक कित्येक दिवस शमेना.

१९९४ साली जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. चरबीचा साठा किती आहे याची वार्ता हे संप्रेरक मेंदूस पोचविते. साठा घटला की लेप्टिन घटते, आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. २०११ साली मेलबर्न येथील संशोधकांनी ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांच्या आहारावर ठेवून नंतर वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवले. वर्ष उलटल्यानंतरदेखील भूक वाढविणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके उतरलेलीच आढळली. २०१६ साली प्रसिद्ध झालेले आणखी एक निरीक्षण तर अधिकच बोलके आहे. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील वजन उतरविण्याच्या एका स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी करण्यात आली. त्यांनी सरासरीने सुमारे ५८ किलो वजन कमी केले होते. त्यातील सुमारे ४१ किलो परत आले होते. तथापि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर जेवढी ऊर्जा खर्च करील असा हिशेब होता, त्याहून रोज सुमारे ५०० उष्मांक कमीच ते खर्च करीत होते. वजन परतले, पण शरीराने आरंभलेली काटकसर थांबली नाही.

याचा सरळ अर्थ असा, की वजन उतरणे हा या कथेचा शेवट नसून तिचा मध्य आहे. शिक्षिकेचे आठ किलो उतरले त्या दिवशी तिचे शरीर पूर्वीपेक्षा कमी खर्चात चालू लागले होते आणि पूर्वीपेक्षा अधिक मागू लागले होते. तिला सोबतीची सर्वाधिक गरज त्या दिवसापासून पुढे होती. आणि नेमक्या त्याच दिवशी ॲपने कार्य संपल्याचा सोहळा साजरा केला. बहुतेक ॲप्सच्या आखणीतील पहिली चूक ही आहे. त्यांच्यात ‘ध्येय’ नावाचा एक आकडा असतो, आणि त्या आकड्यापलीकडे रस्ता काढलेलाच नसतो.

दुसरी चूक गणिताची आहे. साडेतीन हजार उष्मांकांची बचत म्हणजे एक पौंड, अर्थात सुमारे अर्धा किलो वजनाची घट, हा हिशेब १९५८ पासून पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. चरबीच्या उतींत साठलेल्या ऊर्जेच्या दृष्टीने तो चूक नाही. परंतु ॲप जेव्हा याच हिशेबाने पुढील वर्षाची सरळ रेषा आखून दाखविते, तेव्हा ते एक अशक्य वचन देत असते. कारण वजन घटू लागले की खर्चही घटतो, आणि तीच बचत दर महिन्याला कमी कमी फळ देऊ लागते. अमेरिकेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार आहारात रोज सुमारे २४ उष्मांकांची कायम घट केली, तर वजनात अखेरीस सुमारे एक किलोचा फरक पडतो; त्यातला निम्मा फरक पडण्यास एक वर्ष, आणि जवळजवळ सर्व फरक पडण्यास तीन वर्षे लागतात. म्हणजे खरी रेषा सरळ उतरत जाणारी नसून हळूहळू सपाट होत जाणारी आहे. ही वक्ररेषा पहिल्या दिवशीच दाखविली, तर सातव्या महिन्यात वजन थबकले असता माणूस स्वतःला अपराधी समजणार नाही. खरे भाकीत करणे हे येथे दयेचेही काम आहे.

मग वजन टिकविणारे कोणीच नसतात काय? असतात. रीना विंग आणि जेम्स हिल या दोन संशोधकांनी १९९४ साली अमेरिकेत अशा लोकांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. किमान ३० पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो वजन उतरवून ते निदान एक वर्ष टिकविलेल्यांनाच तीत प्रवेश होता. या लोकांच्या सवयींत काही गोष्टी पुनःपुन्हा आढळल्या. बहुसंख्य लोक रोज सुमारे तासभर व्यायाम करीत, सकाळची न्याहारी चुकवीत नसत, दूरचित्रवाणीपुढे थोडाच वेळ घालवीत, आणि आठवड्यातून निदान एकदा वजनकाट्यावर उभे राहत. अर्थात ही नोंदवही यशस्वी झालेल्यांची व आपण होऊन पुढे आलेल्यांची आहे. या सवयींमुळेच त्यांना यश लाभले, असे तीवरून सिद्ध होत नाही. तरीही या यादीतील प्रत्येक गोष्ट दीर्घकाळ करता येण्याजोगी आणि साधी आहे, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

आता यंत्राने प्रत्यक्षात काय साधले, ते पाहू. या विषयात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने गट पाडून केलेल्या चाचण्यांची साक्षच ग्राह्य मानली पाहिजे. २०१४ साली कॅलिफोर्नियात, सामान्य डॉक्टरांकडे येणाऱ्या २१२ स्थूल रुग्णांपैकी निम्म्यांना उष्मांक मोजणारे एक लोकप्रिय ॲप वापरण्यास दिले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या वजनांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. पहिला महिना उलटताच ॲप उघडण्याचे प्रमाण झपाट्याने ओसरले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत १८ ते ३५ वयाच्या ३६५ तरुणांचे तीन गट करण्यात आले. दोन वर्षांच्या अखेरीस फोनवरील ॲप वापरणारे आणि न वापरणारे जवळजवळ सारखेच राहिले. २०१६ साली पिट्सबर्ग येथील चाचणीने तर सर्वांनाच चकित केले. सुमारे ४७० तरुणांना प्रथम सहा महिने सारखेच मार्गदर्शन देण्यात आले. पुढे एका गटाला हालचाली मोजणारे, अंगावर बांधायचे यंत्र देण्यात आले. दोन वर्षांनी यंत्रधारकांचे वजन सरासरीने साडेतीन किलो उतरलेले होते, तर यंत्राशिवाय चाललेल्यांचे ५.९ किलो. २०२२ साली ५०२ जणांच्या चाचणीत नोंदींच्या जोडीला फोनवर रोज आपोआप संदेश पाठवून पाहण्यात आले. वर्षअखेरीस त्याचाही निराळा लाभ दिसला नाही.

या निकालांवरून यंत्र निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्यांतून एवढेच निष्पन्न होते, की नोंद आणि आठवण यांनाच उपचार समजणे हा भ्रम आहे. वजन टिकविण्याविषयी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत वजन उतरविलेले १,०३२ लोक होते. एका गटाला कोणतीच मदत नव्हती, दुसऱ्याला संगणकावरील परस्परसंवादी साधन होते, आणि तिसऱ्याशी कोणी ना कोणी माणूस दर महिन्याला, बहुधा दूरध्वनीवरून, थोडा वेळ बोलत असे. तीस महिन्यांनंतर पहिल्या गटाचे साडेपाच किलो, दुसऱ्याचे ५.२ किलो आणि तिसऱ्याचे ४ किलो वजन परत आले होते. फरक थोडासा, पण तो माणसाच्या बाजूने पडला. महिन्यातून काही मिनिटे कोणी विचारपूस करणारे आहे, ही जाणीव यंत्राच्या रोजच्या घंटीपेक्षा अधिक बळकट ठरली.

२००६ सालची विंग व सहकाऱ्यांची चाचणी आखणीकारास आणखी एक मौल्यवान धडा देते. गेल्या दोन वर्षांत आपले दशांश वजन उतरविलेल्या ३१४ जणांना तीत घेतले होते. त्यांना शिकविलेली युक्ती रस्त्यावरील दिव्यांसारखी होती. आरंभीच्या वजनापासून फरक दीड किलोच्या आत असेपर्यंत हिरवा पट्टा. त्याहून वाढले की पिवळा, आणि सुमारे सव्वादोन किलोंपलीकडे तांबडा. हिरव्यात असताना शाबासकी, पिवळ्यात आपल्या युक्त्या ताज्या करायच्या, तांबड्यात पुन्हा वजन उतरविण्याच्या रीतीकडे वळायचे व मार्गदर्शकाची मदत घ्यायची. अठरा महिन्यांत केवळ वार्तापत्रे मिळालेल्या गटातील ७२ टक्के लोक तांबड्या पट्ट्यात गेले. समोरासमोर भेटणाऱ्या गटात हे प्रमाण ४६ टक्के, आणि संगणकाद्वारे भेटणाऱ्या गटात ५५ टक्के राहिले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की ‘ध्येय’ म्हणजे एक बिंदू नसून एक पट्टा आहे. पाणी, मीठ, ऋतुचक्र, प्रवास यांमुळे होणारी रोजची चढउतार त्यात निमूटपणे सामावून जाते. दुसरी ही, की साधन बहुतेक काळ गप्प राहते आणि गरज पडली तेव्हाच बोलते.

गप्प राहण्याची ही कला बाजारातील ॲप्सना सहसा अवगत नसते, आणि त्यामागे आर्थिक कारण आहे. ॲप किती वेळा उघडले गेले, यावर त्याची किंमत ठरते; सबब रोज यावे म्हणून साखळ्या, बिल्ले आणि गुण यांची योजना केली जाते. शंभर दिवस अखंड नोंद केल्याचा आनंद खरा असतो. पण एकशेएकाव्या दिवशी साखळी तुटून पडद्यावर शून्य उमटते, तेव्हा शंभर दिवसांचे कष्टही पुसून गेल्यासारखे वाटतात. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी १९८५ सालच्या आपल्या ग्रंथात या मनोवृत्तीचे विवेचन केले आहे. एकदा नियम मोडला की माणूस त्याचे कारण स्वतःच्या नादानपणात शोधतो, आणि ‘आता सगळे गेलेच’ अशा भावनेने पूर्वीच्या मार्गाला लागतो. घसरणे निराळे आणि कोसळणे निराळे. घसरण्याचे कोसळणे होऊ नये, यासाठी मधल्या क्षणाला जपावे लागते. यास्तव उत्तम ॲपमध्ये तुटणारी साखळी असू नये. दोन महिन्यांच्या खंडानंतर परतलेल्या व्यक्तीस तिने पूर्वी काय कमावले ते आधी दिसावे, आणि मागल्या रिकाम्या दिवसांचा जाब तिला कोणी विचारू नये.

आकड्यांच्या अधिकाराविषयीही थोडे बोलले पाहिजे. रोज दहा हजार पावले चालावीत, हा दंडक आज कित्येक फोनांत वेदवाक्यासारखा कोरलेला आहे. त्याचा उगम १९६५ साली, टोकियोतील १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांनंतर, जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका उपकरणाच्या नावात आहे. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होतो. आकडा लक्षात राहण्यास सोयीचा होता. तो कोणत्याही प्रयोगातून निघाला नव्हता. सहा हजार पावले चालणाऱ्या साठीच्या गृहस्थाला फोन रोज ‘अपुरे’ म्हणत असेल, तर तो विज्ञानाच्या नव्हे, जाहिरातीच्या भाषेत बोलत आहे.

आपल्या देशात हा प्रश्न आणखी काही वळणे घेतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे अथवा स्थूल आढळले. ही मोजणी उंचीच्या वर्गाने वजनास भागून येणाऱ्या निर्देशांकाच्या २५ या मर्यादेवर आधारलेली आहे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले याने सुचविलेल्या या निर्देशांकास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ साली, पूर्वोक्त अँसेल कीज यांनीच दिले. तथापि भारतीयांच्या बाबतीत तो फसवा ठरू शकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आतून चरबीयुक्त असा हा भारतीय देह आहे. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली अधिक वजनाची मर्यादा २३ वर आणि स्थूलतेची २५ वर आणली. परदेशी मर्यादेवर चालणारे ॲप ज्याला ‘सुरक्षित’ म्हणून परत पाठवील, त्यालाच कदाचित सल्ल्याची गरज असेल. वजनाबरोबर कंबरेचा घेर विचारणे हे येथे अत्यावश्यक आहे. आणि त्याला फितीखेरीज कोणतेही यंत्र लागत नाही.

आहाराच्या नोंदीची अडचण याहून मोठी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. हे काम फार मोलाचे आहे. परंतु मुख्यत्वे कच्च्या पदार्थांचे घटक सांगणारे तक्ते आणि ताटातील आमटी यांच्यामध्ये एक स्वयंपाकघर उभे असते. फोडणीला तेल किती पडले, खोबरे किती वाटले, पोळीला तूप किती लागले, हे घराघरांत बदलते. ज्या समाजात अन्न वेष्टनातून येते, तेथे वेष्टनावरील खूण फोनला दाखवून भागते; जेथे एकाच पातेल्यातून सहा माणसे जेवतात, तेथे एकीच्या वाट्याचे उष्मांक मोजणे म्हणजे अंदाजाला दशांश चिन्हाचा पोशाख चढविणे होय. शिवाय स्वयंपाक करणारी स्त्री स्वतःसाठी वेगळे रांधू लागली, तर तिचे श्रम दुप्पट होतात आणि थोड्याच दिवसांत तो नेम सुटतो. अशा घरासाठी नोंदीचे परिमाण व्यक्तीऐवजी कुटुंब धरता येईल. महिन्याला घरात तेल किती आले, साखर किती आली, भाजी आठवड्यातून किती वेळा झाली, हे तीन प्रश्न महिन्यातून एकदा विचारले तरी पुरे. तेलाचा डबा आठ दिवस अधिक पुरला, तर त्याचा लाभ सहाही जणांना मिळतो, आणि एकाही घासाचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही.

साधेपणाचा हा आग्रह केवळ कल्पनेवर उभा नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. सर्वांना आरंभी सारखाच सल्ला देण्यात आला; एका गटाला त्याशिवाय साध्या भ्रमणध्वनीवर अधूनमधून लघुसंदेश पाठविण्यात आले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्के, तर न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्के मधुमेही झाले. विशेष म्हणजे दोन्ही गटांच्या वजनांत उल्लेखनीय तफावत नव्हती. सुधारला होता तो आहार. आलेख नाही, बिल्ले नाहीत, साखळी नाही. तरीही रोग लांबला. वजनकाट्याचा आकडा स्तब्ध असतानाही शरीरात भले घडत असू शकते, ही गोष्ट ॲपने माणसास सांगितली पाहिजे. साखर, रक्तदाब, जिना चढताना लागणारा दम, रात्रीची झोप यांनाही नोंदवहीत जागा हवी.

साधन हितकारक असते तेव्हाच ते अपायकारकही होऊ शकते. खाण्याच्या विकृतीकडे मनाचा कल असलेल्या तरुण मुलामुलींच्या हाती उष्मांकांची मोजणी म्हणजे जखमेवर मीठ ठरते. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, अशक्त वृद्ध यांना वजन उतरविण्याचे ध्येय ठेवूच देऊ नये. आणि ठराविक मर्यादेखाली ध्येय मागणाऱ्यास ॲपने सरळ नकार देऊन डॉक्टरांकडे पाठवावे. त्याचप्रमाणे देहाविषयीची माहिती ही त्या व्यक्तीची ठेव आहे. भारतात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला; परंतु कायद्याची वाट न पाहता आखणीकाराने लागेल तेवढीच माहिती घ्यावी, ती विकू नये, आणि एका फोनवर सारे घर हात टाकते हे जाणून वजनाचा आकडा पडद्यावर आपोआप झळकू देऊ नये.

अलीकडे प्रभावी औषधे उपलब्ध झाल्यामुळे ही सारी चर्चा कालबाह्य झाली, असे काहींना वाटते. सेमाग्लुटाइड या औषधास २०२१ साली अमेरिकेत वजन-नियंत्रणासाठी मान्यता मिळाली. मात्र २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले. साधन सुईचे असो वा पडद्याचे, शरीर आपली बाजू सोडत नाही. स्थूलता ही दीर्घकालीन अवस्था आहे. तिची शुश्रूषाही दीर्घकालीनच असली पाहिजे.

तात्पर्य, अशा ॲपचे मूल्यमापन ते किती लोकांनी उतरवून घेतले, किंवा तीन महिन्यांत किती किलो घटले, यावरून होऊ नये. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी माणसे कोठे आहेत, हे विचारावे. आणि मोजदाद करताना मध्येच सोडून गेलेल्यांना वगळू नये. टिकून राहिलेल्यांचीच सरासरी काढणे म्हणजे पास झालेल्या मुलांवरून शाळेचा निकाल जाहीर करण्यासारखे आहे.

शेवटी त्या शिक्षिकेकडे वळावे. चार महिन्यांनी, एखाद्या रविवारी दुपारी, ती ॲप पुन्हा उतरवून घेते. पहिल्या पडद्यावर काय असावे? तिचे आठ किलो उतरले होते आणि तीन परतले. म्हणजे पाच किलो अजूनही तिच्या पदरात आहेत, आणि त्या पाचांचा तिच्या साखरेला फायदा होत असणार. शरीर असेच वागते, यात तिचा अपराध नाही. या आठवड्यात एकच गोष्ट करावी, आणि हवे असल्यास अमुक दिवशी बोलायला एक माणूस आहे. एवढे चार ओळींचे म्हणणे पुरेसे आहे. सांतोरियोची खुर्ची त्याला काही बोलत नसे. म्हणूनच कदाचित तो तीस वर्षे तिच्यावर बसू शकला. त्या खुर्चीपेक्षा अधिक बोलणारे साधन ज्यांना घडवावयाचे आहे, त्यांनी आपले साधन पराभूत होऊन परतलेल्या माणसाशी काय बोलते, ते सर्वांत आधी तपासून पाहावे.